ज्ञान माणसाच्या रोजच्या जगण्यावर ताबा कसा मिळवतं?

हुकूम सोडून नाही, माप ठरवून. नागपूरकराला मे महिन्यात हे समजवावं लागत नाही. हवामान खात्याच्या निकषानुसार सपाट प्रदेशात पारा ४५ अंशांवर गेला की उष्णतेची लाट. (सरासरीपेक्षा किती जास्त, हाही एक निकष आहे.) मोबाइलवर ऑरेंज अलर्ट आला की दुपारची कामं सकाळवर ढकलली जातात, आणि घरातून दुपट्टा बांधल्याशिवाय कोणी बाहेर सोडत नाही. संत्रानगरीत हाच रंग धोक्याचा, ही गंमतच म्हणायची! पण चौकात पोलीस उभा नसतो. आपणच आपल्याला आवरतो. फ्रेंच विचारवंत मिशेल फुको ज्ञान आणि सत्ता जोडीनं मांडतो, ते यासाठीच.

खरी मेख मोजण्यात आहे. वेधशाळेचा तापमापक झडपांच्या पांढऱ्या पेटीत, सावलीत असतो. टिनाच्या छपराखालची खोली त्या आकड्यात येत नाही. शिवाय इथे मेमध्ये ४३ म्हणजे जवळपास सरासरीच. त्यामुळे कूलर नसलेल्या वस्तीत जीव कासावीस झाला तरी कागदावर तो दिवस लाटेचा नसतो.