नववीत डेल्फची कोणती पातळी द्यावी?

प्रश्न : माझी मुलगी पुण्यात सीबीएसई शाळेत नववीत आहे. सहावीपासून फ्रेंच शिकते आणि शाळेत ९०च्या खाली कधी आली नाही. तिची मैत्रीण यंदा डेल्फ या फ्रेंचच्या प्रमाणपत्र परीक्षेच्या बी१ पातळीला बसणार आहे, पण फ्रेंचच्या बाई हिला त्याखालची ए२ च द्यायला सांगतात. ए२ मध्ये वर्ष वाया जाईल का? पुढे फ्रान्स किंवा कॅनडाला पाठवायचा विचार आहे. – एक पालक, कोथरूड

उत्तर : बाईंचं ऐका. यंदा ए२ आणि दहावीची बोर्डाची परीक्षा झाल्यावर बी१, हा क्रम तुमच्या मुलीसाठी योग्य आहे.

शाळेतले ९० गुण खरेच आहेत, पण ते वेगळ्या गोष्टीचे आहेत. सीबीएसईच्या दहावीला ८० गुण लेखी पेपरचे असतात. ऐकणं-बोलणं जे काही तपासलं जातं ते शाळेच्या हातातल्या २० गुणांतच. डेल्फमध्ये श्रवण, वाचन, लेखन आणि संभाषण यांना प्रत्येकी २५ गुण, म्हणजे निम्मी परीक्षा कान आणि जीभ यांची. उत्तीर्ण व्हायला १०० पैकी ५० लागतात, शिवाय प्रत्येक विभागात किमान ५. एकूण ७० मिळाले आणि श्रवणात ४ पडले, तरी नापास. बी१ हुकली म्हणून ए२ चं प्रमाणपत्र मिळत नाही आणि पुन्हा बसताना चारही विभाग नव्याने द्यावे लागतात. गुण चांगले म्हणून मुलीला एकदम वरच्या पातळीला बसवण्याचा धोका इथे आहे.

आता तास मोजा. आठवड्याला ४० मिनिटांच्या ३ तासिका म्हणजे २ तास. वर्षात प्रत्यक्ष शिकवण्याचे ३२ आठवडे धरले तर ६४ तास, आणि तीन वर्षांत १९० च्या आसपास. ढोबळमानाने सुरुवातीपासून एकूण धरले तर सर्वांत खालच्या ए१ ला ६० ते १००, ए२ ला १६० ते २००, बी१ ला ३५० ते ४०० आणि बी२ ला ५५० हून अधिक तास लागतात. मैत्रीण शाळेबाहेर क्लासला जात असेल तर तिचा हिशेब वेगळा. तिच्याशी तुलना करू नका.

ए२ आणि बी१ मधलं अंतर कागदावर एका पायरीचं दिसतं, प्रत्यक्षात ते बरंच मोठं आहे. ए२ मध्ये दोन छोटे मजकूर लिहायचे, प्रत्येकी किमान ६० शब्दांचे : एखादा अनुभव सांगायचा, एखाद्या निमंत्रणाला उत्तर द्यायचं. बी१ मध्ये किमान १६० शब्दांत स्वतःचं मत कारणांसह मांडायचं असतं. तोंडी परीक्षा ए२ ला ६ ते ८ मिनिटांची, बी१ ला १५ मिनिटांची. बी१ मध्ये परीक्षकाशी प्रसंगानुरूप संवाद तयारीशिवाय करायचा असतो. पाठ केलेली वाक्यं तिथे दोन मिनिटांत संपतात.

तरी खात्री करायची असेल तर फ्रान्स एद्युकासियों अँतेर्नासियोनाल या परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर नमुना पेपर मोफत आहेत. एका रविवारी ए२ चा पेपर घड्याळ लावून सोडवायला द्या : श्रवण २५ मिनिटं, वाचन ३० आणि लेखन ४५. ध्वनिफीत जितक्या वेळा वाजते तितकीच ऐकू द्या, मध्ये थांबवू नका. लेखन आणि संभाषण बाईंकडून तपासून घ्या. घरी ६५ च्या वर गुण आणि कुठल्याही विभागात १२ पेक्षा कमी नाही, असं असेल तर निर्धास्त फॉर्म भरा. परीक्षेच्या हॉलमध्ये थोडे गुण घटतातच, म्हणून ही सोय. हाच निकष ती बी१ च्या नमुना पेपरवर पूर्ण करत असेल तर मात्र सरळ बी१ द्या. आधी ए१ किंवा ए२ उत्तीर्ण असण्याची अट नाही.

ए२ मध्ये आपल्या मुलांचे गुण बहुतेक ठरलेल्या जागी जातात. श्रवणात आकडे चुकतात : फ्रेंचमध्ये ७५ म्हणजे साठ आणि पंधरा, ९५ म्हणजे चार वीस आणि पंधरा. गाडीची वेळ आणि फोन नंबर ऐकताना मुलं इथेच अडकतात. रोज १० मिनिटं आकडे ऐकून लिहायला लावा. लेखनात पासे काँपोझे आणि अँपार्फे या दोन भूतकाळांची सरमिसळ होते. मैत्रिणीला ‘त्यू’ (तू) आणि अनोळखी व्यक्तीला ‘व्हू’ (तुम्ही) हे एकाच पत्रात बदलून चालत नाही. संभाषणासाठी आठवड्यातून दोनदा तरी कुणासमोर मोठ्याने बोलायलाच हवं, मनातल्या मनात केलेला सराव उपयोगाचा नाही.

बी१ साठी : दहावी संपेपर्यंत शाळेचेच तास ३२० च्या घरात जातील. बोर्डानंतरच्या सुट्टीत रोज २ तास, आठवड्याला ५ दिवस असे ८ आठवडे दिले तर आणखी ८० तास होतात. मग बी१ आवाक्यात येते. दहावीच्या दुसऱ्या सहामाहीत मात्र डेल्फ नको.

फ्रान्समध्ये फ्रेंच माध्यमातून पदवी घ्यायची तर सहसा बी२ मागतात. इंग्रजी माध्यमाच्या अभ्यासक्रमांना ती अट नसते. कॅनडाच्या केंद्रीय स्थलांतर प्रक्रियेसाठी डेल्फ चालत नाही, तिथे टेफ कॅनडा किंवा टीसीएफ कॅनडा द्यावी लागते आणि तिचा निकाल दोनच वर्षं ग्राह्य असतो. ती परीक्षा आत्ता देण्यात अर्थ नाही. डेल्फचं प्रमाणपत्र कायम वैध राहतं.

फॉर्म आलियाँस फ्रान्सेज या फ्रेंच शिकवणाऱ्या संस्थेच्या केंद्रात भरताना ज्युनिअर प्रकार निवडा. पातळी आणि प्रमाणपत्राचं मोल प्रौढांच्या परीक्षेइतकंच असतं, पण विषय शाळा, मित्र, छंद असे वयाला साजेसे येतात. नाव आणि जन्मतारीख पासपोर्टवर आहे तशीच, अक्षर न अक्षर जुळवून लिहा आणि तारीख ठरवण्याआधी शाळेच्या सहामाहीचं वेळापत्रक समोर ठेवा.