वाचकांचे प्रश्न : नाताळाआधीचे चार आठवडे

प्रश्न : आगमनकाळ सुरू झाला की घराची रंगरंगोटी, करंज्या, शंकरपाळ्या, चांदणी लावणं, पाहुणे. रात्री प्रार्थनेला बसते तेव्हा मन अगदी रिकामं असतं. देवाच्या सान्निध्यात आनंदाची पूर्णता मिळते म्हणतात, मग मला ती का जाणवत नाही?
— एक भगिनी, शाहूपुरी, कोल्हापूर

उत्तर : ताई, हे अभिवचन बायबलमधल्या स्तोत्र १६ मधलं. त्यात 'पूर्णते'साठी मूळ हिब्रूत 'सोवा' हा शब्द आहे. पोटभर जेवून उठल्यावर जी तृप्ती येते, ती. आणि 'सान्निध्य' म्हणजे तिथे शब्दशः देवाचं मुख. पण हे अकरावं, शेवटचं वचन आहे. पहिल्या वचनात स्तोत्रकर्ता रक्षणासाठी धावा करतो, आठव्यात सांगतो की परमेश्वराला त्यानं नित्य आपल्यासमोर ठेवलं आहे. तुम्ही दिवसभर दमून थेट अकराव्या वचनाची वाट बघता. रिकामेपण म्हणजे देव दूर गेला असं मुळीच नाही; स्तोत्राची सुरुवातच गरजेतून होते.

रात्रीची वेळ सोडा. सकाळी चहाचं आधण ठेवण्याआधी २० मिनिटं बसा, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा. दोन मिनिटं शांत राहा, मग स्तोत्र १६ मोठ्यानं म्हणा. त्यानंतर लूकच्या शुभवर्तमानातल्या अध्याय १ मधला एकच उतारा आठवडाभर रोज तोच वाचा : पहिल्या आठवड्यात वचनं ५ ते २५, दुसऱ्यात २६ ते ३८, तिसऱ्यात ३९ ते ५६, चौथ्यात ५७ ते ८०. दोनदा वाचा, अडलेल्या एका वाक्यापाशी दहा मिनिटं थांबा, उरलेल्या वेळात मागणं मागा.

रोज नवा उतारा घेतला की डोकं माहिती गोळा करत बसतं. तोच उतारा राहिला तर गुरुवारपर्यंत करंजीची पारी लाटतानाही ती वाक्यं आपोआप ओठांवर येतात. पहिल्या आठवड्यातला जखऱ्या मंदिरात धूप जाळणारा याजक. तुला मूल होईल, हे देवदूताचं बोलणं त्याला पटलं नाही आणि त्याची वाचा गेली. मूल जन्मेपर्यंत तो खुणांनीच बोलला, नाव ठरवताना त्यानं पाटी मागून लिहिलं. देवाचं काम मात्र त्या मुकेपणातही चालूच होतं. कोरड्या मनानं बसणाऱ्यानं हा उतारा घाईनं उरकू नये.

बहुतेकांचं बिघडतं ते एका गोष्टीनं : एक दिवस चुकला की दुसऱ्या दिवशी ४० मिनिटं बसून भरपाई करायची, आणि तिसऱ्या दिवशी सगळंच सुटतं. चुकलेला दिवस सोडून द्या. फराळाचे सहा पदार्थ करत असाल तर यंदा चार करा.

प्रश्न : घरी ॲडव्हेंट रीथ (आगमनकाळातलं हिरव्या पानांचं कडं; त्यात चार मेणबत्त्या, दर रविवारी एक जास्त लावायची) करतो, पण पहिली मेणबत्ती नाताळाआधीच संपते. पानंही वाळतात.
— एक वाचक, कसबा बावडा

उत्तर : हिशोब करून बघा. आगमनकाळाचा पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान येतो, म्हणजे काळ २२ ते २८ दिवसांचा. रोज १५ मिनिटं लावली तर पहिलीला सात तासांपर्यंत जळावं लागतं, चौथीला जास्तीत जास्त पावणेदोन तास. म्हणून पहिली जाड घ्या किंवा तिची एक जोड ठेवा. परातीत ओली वाळू भरून मेणबत्त्या दोन बोटं आत रोवा. हिरवळ दर रविवारी बदला. वाळलेलं पान ज्योतीजवळ आलं की पेटतं. पंखा बंद ठेवा, नाहीतर मेण एकाच बाजूनं ओघळतं. तिसऱ्या रविवारची गुलाबी मेणबत्ती मिळाली नाही तर पांढरीच्या बुडाशी गुलाबी फीत बांधा.

प्रश्न : कारखान्यात पाळ्या बदलतात, प्रार्थनेची रोजची वेळ ठरत नाही.
— एक वाचक, शिरोली

उत्तर : घड्याळ सोडा, आंघोळीनंतरची वेळ धरा. पाळी कुठलीही असो, आंघोळ चुकत नाही. रात्रपाळीच्या आठवड्यात २० ऐवजी दहा मिनिटं पुरेत, पण उतारा तोच ठेवा.