माझ्या ड्युटीत नको

“मॅडम, मी दगड झालेय का?” खुर्चीत टेकताच तिने विचारलं. मेडिकल वॉर्डातली परिचारिका, नोकरीला चार वर्षं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

पेशंट शेवटच्या अवस्थेत गेला की तिचे पाय त्या खाटेकडे वळत नसत. औषधं वेळेवर, चार्ट चोख. पण नजर सलाइनच्या थेंबांवर. एका रात्री एका आजींनी तिचा हात धरला. “मी आता जाणार ना गं?” “असं बोलायचं नाही आजी, बऱ्या होणार तुम्ही,” म्हणत तिने हात सोडवून घेतला. दुसऱ्या दिवशी दुपारी आजी गेल्या. “आणि मला हायसं वाटलं. माझ्या ड्युटीत नाही गेल्या म्हणून.” इथे तिचा आवाज फुटेना.

मी तिला एक प्रश्नावली दाखवली. मरणासन्न रुग्णांच्या शुश्रूषेबद्दल परिचारिकांना काय वाटतं हे मोजणारी, कॅथरीन फ्रॉमेल्ट यांनी १९९१ साली मांडलेली, ३० विधानांची. ‘मी नसताना रुग्णाने प्राण सोडावा’ अशा अर्थाचं एक विधान त्यात आहे. तिने ते दोनदा वाचलं. “हे इतरांनाही वाटतं?”

वाटतं. माझ्याकडे असे डॉक्टर, नर्स, वॉर्डबॉय येतात. निर्दय माणूस त्यांत क्वचितच. शिकवलेलं असतं ते वाचवायला. वाचवणं हातात उरलं नाही की आपलं तिथे काय काम हेच कळेनासं होतं, आणि माणूस काढता पाय घेतो. मला राग येतो तो हे त्यांना कुणी धड शिकवलं नाही याचा.

काम तर भरपूर असतं. कोरडे ओठ ओल्या कापसाने टिपणं, कूस बदलणं, वेदनाशामक वेळेत पोचतंय ना पाहणं. घरघर लागली की नातेवाईक घाबरतात. घशात साठलेला स्राव गिळता येत नाही म्हणून तो आवाज येतो, हे त्यांना सांगणं. आणि आजींच्या प्रश्नाला ‘हो’ की ‘नाही’ हे ठरवावं लागतच नाही. “आज असं का वाटतंय?” विचारायचं, स्टूल ओढून बसायचं. आम्ही सराव केला, मी आजी झाले. पहिल्या दोन्ही वेळा तिचा हात नसलेल्या सलाइनकडे गेला.

दीड महिन्याने ती आली. एका आजोबांनी तोच प्रश्न केला होता. ती बसली. त्यांना अबोला धरलेल्या भावाशी बोलायचं होतं. तिने फोन लावून दिला, कानाशी धरला. आजोबा गेले पहाटे, तिच्याच ड्युटीत. ती स्टाफरूममध्ये रडली, सोबतची सिस्टर जवळ बसून राहिली. मग मुलगा पोचायच्या आत दोघींनी आजोबांचा चेहरा पुसला, केस विंचरले.