14,000 ची दुरुस्ती की 62,000 चा नवा लॅपटॉप?

प्रश्न (मानेवाडा, नागपूर): मी घरून सहा-सात दुकानांचं टॅली आणि जीएसटी रिटर्नचं काम करते. महिन्याला 32,000 येतात. घरखर्च 23,500 आणि गाडीचा हप्ता 3,400. माझा 2019 चा लॅपटॉप (आठव्या पिढीचा आय-फाइव्ह, 8 जीबी रॅम) मे लागल्यापासून खूप तापतो. चार्जर लावला की चालतो, पण बॅटरी शून्यावरच राहते आणि पिन काढली की बंद. बर्डीवरच्या एका दुकानात ‘मदरबोर्ड गेला, 14,000 लागतील’ असं सांगितलं. दुसरीकडे ग्राफिक्स कार्डवाला नवा लॅपटॉप 62,000 ला, 12 महिन्यांच्या नो-कॉस्ट ईएमआयवर मिळतोय, रोखीने 58,500. बचत खात्यात 20,000 आणि 80,000 ची एफडी आहे. एफडी मोडू का?

उत्तर: ताई, एफडी मोडू नका आणि त्या ईएमआयवर सहीही करू नका. 14,000 देण्याआधी तीनशे-पाचशे रुपयांची नीट तपासणी करून घ्या. तुमच्याच वर्णनात एक महत्त्वाची खूण आहे: चार्जर लावला की लॅपटॉप चालतो. म्हणजे अडॅप्टरची वीज पिनेतून बोर्डापर्यंत पोहोचते आहे आणि बोर्डाचा मुख्य भाग जिवंत आहे. मग उरतात चार शक्यता: बॅटरी संपली, बोर्डावरचा फक्त चार्जिंगचा भाग बिघडला, अडॅप्टर कमी ताकदीचा आहे किंवा त्याची ओळख लॅपटॉपला पटत नाही, नाहीतर उष्णतेमुळे चार्जिंग थांबवलं जातं आहे. यांपैकी एकाही दुरुस्तीला सहसा 14,000 लागत नाहीत.

सगळ्यात आधी, बॅटरी फुगलेली नाही ना हे खाली सांगितलंय तसं बघून, आज रात्रीच, लॅपटॉप चार्जरवर चालतोय तोवर, टॅलीतल्या सगळ्या कंपन्यांचा (म्हणजे प्रत्येक दुकानाच्या हिशेबाचा) बॅकअप पेनड्राइव्हवर घ्या. 11 आणि 20 तारखेची रिटर्न चुकली तर विलंब शुल्क तुमच्या दुकानदारांना बसेल, आणि त्यांचा विश्वास परत मिळवणं कुठल्याही लॅपटॉपपेक्षा महाग पडेल. 20 तारखेपर्यंत कोणाचा तरी लॅपटॉप मागून किंवा भाड्याने आणून ठेवा, म्हणजे घाईत निर्णय घ्यावा लागणार नाही.

आता तपासणी. लॅपटॉप बंद करून सपाट टेबलावर ठेवा. तो डुगडुगत असेल, टचपॅड वर उचललं गेलं असेल किंवा कडेची फट वाढली असेल, तर बॅटरी फुगली आहे. अशा बॅटरीला चार्जर लावायचा नाही, दाबायचं नाही, टोचायचं तर मुळीच नाही. दुकानात नेऊन ती आधी काढून घ्यायची. मग बाकीचं बघू.

फुगलेली नसेल तर उष्णता नेमकी कुठे आहे ते हात लावून बघा. बिजागरीजवळ, पंख्याच्या बाजूला चटका बसत असेल तर जाळीत धूळ साचली आहे किंवा प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट (त्याची उष्णता बाहेर नेणारा लेप) सुकली आहे. सात वर्षांत ती सुकतेच. तळहात टेकतो तिथे गरम लागत असेल तर बॅटरी. चार्जरची पिन शिरते तिथेच तापत असेल आणि पिन हलवल्यावर दिवा लुकलुकत असेल तर जॅकचा टाका सैल झाला आहे.

उष्णता आणि चार्जिंगचा थेट संबंध आहे. लिथियम-आयन सेल 45 अंशांच्या वर गेला की लॅपटॉप स्वतःच चार्जिंग थांबवतो, कारण त्या तापमानात चार्ज करणं सेलला घातक असतं. नागपुरात मे महिन्यात दुपारी कूलर बंद असलेल्या खोलीतच 40 च्या आसपास पारा असतो. तिथे गादीवर ठेवलेल्या, खालची जाळी झाकलेल्या लॅपटॉपला 45 गाठायला वेळ लागत नाही. म्हणून पहाटे, तो रात्रभर बंद राहिल्यावर, चार्जर लावा आणि लॅपटॉप बंदच ठेवा. तासाभराने टक्का वाढला तर दोष बहुतेक उष्णतेचा किंवा कमी ताकदीच्या अडॅप्टरचा आहे, आणि उष्णतेचा असेल तर साफसफाई व नवी पेस्ट एवढ्यावर भागण्याची शक्यता मोठी आहे. (कूलरच्या अगदी झोतात मात्र लॅपटॉप ठेवू नका, जाळीतून पाण्याचे तुषार येतात.)

अडॅप्टरवरचं लेबल वाचा. 65 वॉटच्या लॅपटॉपला कोणी 45 वॉटचा अडॅप्टर देऊन ठेवला असेल, तर काम सुरू असताना बॅटरीसाठी वीज उरतच नाही. काही कंपन्यांच्या अडॅप्टरमध्ये ओळख पटवणारी मधली बारीक पिन असते. ती वाकली किंवा तार आतून तुटली की लॅपटॉप चालतो, पण बॅटरी चार्ज होत नाही. तुमचं लक्षण अगदी असंच आहे. म्हणून त्याच कंपनीचा, तेवढ्याच व्होल्ट आणि वॉटचा अडॅप्टर कोणाकडून तरी आणून लावून बघा.

शेवटी बॅटरीची प्रकृती. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमधून बॅटरी रिपोर्ट काढता येतो; तो तपासणाऱ्याकडून तुमच्यासमोर काढून घ्या. त्यात दोन आकडे बघायचे: मूळ क्षमता आणि आजची पूर्ण चार्ज क्षमता. मूळ 41,000 आणि आज 20,000 मिलीवॉट-तास असेल तर बॅटरी निम्म्यावर आली आहे, बदलायलाच हवी. आणि हो, सेटिंगमध्ये चार्जिंग 60 किंवा 80 टक्क्यांवर थांबवण्याचा पर्याय असतो. तुमची शून्यावर आहे, त्यामुळे तो संशय धरायला नको.

बाजारातले अंदाजे दर असे: साफसफाई आणि पेस्ट 500 ते 1,000, जॅक 800 ते 1,500, अडॅप्टर 1,000 ते 2,500, पंखा 1,000 ते 1,800, बॅटरी 2,500 ते 6,000, आणि चिप लेव्हलवर, म्हणजे पूर्ण बोर्ड न बदलता, चार्जिंग आयसी (चार्जिंग सांभाळणारी चिप) बदलणं 2,000 ते 4,500. चिप लेव्हलचं काम करणाऱ्याकडेच दाखवा. जो फक्त बोर्ड बदलतो, त्याला प्रत्येक दोष बोर्डाचाच दिसतो. अंदाजपत्रक लेखी घ्या, काढलेला भाग परत मागा आणि बोर्डाच्या कामावर निदान 90 दिवसांची हमी बिलावर लिहून घ्या. नवी बॅटरी बसवली की तिथेच पुन्हा रिपोर्ट काढा. त्यातली मूळ क्षमता बॅटरीवरच्या लेबलाशी जुळली नाही तर ती परत करा.

किती खर्चापर्यंत दुरुस्ती करायची, याचं गणित असं. तुमच्या कामाला पुरेल असा नवा लॅपटॉप 45,000 च्या आसपास येतो आणि पाच वर्षं चालला तर महिन्याला 750 रुपये पडतो. जुना दुरुस्त करून दीड वर्ष चालेल असं धरू. 5,500 च्या दुरुस्तीवर महिन्याला 305 रुपये पडतात. 14,000 बोर्डाला आणि 4,500 बॅटरीला घातले तर महिन्याला 1,028, म्हणजे नव्यापेक्षा महाग, आणि पंखा, स्क्रीन, कीबोर्ड सात वर्षं जुनेच. कागदावर 13,500 पर्यंतची दुरुस्ती परवडते, पण दुरुस्त केलेला बोर्ड चार महिन्यांत पुन्हा बसण्याची जोखीम तुमच्याच डोक्यावर असते. म्हणून मी 7,000 वर रेघ मारेन. त्याच्या आत असेल तर बिनधास्त दुरुस्त करा. तुमचा आठव्या पिढीचा प्रोसेसर विंडोज 11 ला चालतो, त्यामुळे ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपला तरी तुमचा लॅपटॉप बाद झालेला नाही. सातव्या पिढीचा असता तर एवढे पैसे घाला असं म्हटलं नसतं.

रेघ ओलांडली, तर नवा घ्या, पण तो 62,000 चा नाही. टॅलीला ग्राफिक्स कार्ड लागत नाही. ते जास्त वीज खातं, जास्त तापतं, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात तुम्हाला नको आहे ते नेमकं हेच. नवीन पिढीचा आय-थ्री किंवा त्याच तोडीचा रायझन, 512 जीबी एसएसडी आणि पुढे रॅम वाढवता येईल अशी सोय, एवढं बघा.

नो-कॉस्टचं खरं रूपही बघा. रोखीने 58,500 आणि हप्त्याने 62,000. हा 3,500 चा फरक म्हणजेच व्याज. त्यावर 499 प्रक्रिया शुल्क आणि जीएसटी धरला तर वार्षिक दर साधारण 13 टक्के होतो. क्रेडिट कार्डावर केलं तर व्याजाच्या रकमेवर 18 टक्के जीएसटी आणखी लागतो, तो सवलतीत येत नाही. शिवाय महिन्याचा हप्ता 5,167, आणि तुमच्याकडे सगळं जाऊन उरतात 5,100. वर्षभर एक रुपयाही बाजूला पडणार नाही.

त्याऐवजी 45,000 पैकी 20,000 बचत खात्यातून द्या आणि 25,000 एफडीवर ओव्हरड्राफ्ट (एफडी तारण ठेवून मिळणारं कर्ज) काढा. बँका सहसा एफडीच्या 85-90 टक्क्यांपर्यंत देतात आणि दर एफडीच्या व्याजापेक्षा एक-दोन टक्केच जास्त असतो. महिन्याला 5,000 फेडले तर पाच-सहा महिन्यांत संपेल, आणि साडेआठ टक्के दर धरला तर एकूण व्याज साडेपाचशेच्या आसपास. एफडी जागेवर राहील. ती मोडली तर मुदतीआधीचा दंड बसेल, आणि ती तुमची तीन महिन्यांच्या खर्चाची एकमेव ठेव आहे. फक्त बचत खातं रिकामं होईल, म्हणून ओव्हरड्राफ्ट फिटल्यावर पहिले 20,000 तिथेच भरा.

‘टॅक्समध्ये वाचेल’ असं कोणी सांगितलं तर आधी तुमचं रिटर्न कसं भरता ते बघा. उत्पन्नाच्या निम्मं नफा धरण्याच्या योजनेत लॅपटॉपची वेगळी वजावट मिळत नाही. पूर्ण हिशेब ठेवत असाल तर संगणकावर 40 टक्के घसारा मिळतो, पण खरेदी वर्षात 180 दिवसांपेक्षा कमी वापरात राहिली तर निम्माच.

जुना लॅपटॉप विकायचा ठरला तर त्यातली डिस्क (एसएसडी किंवा हार्ड डिस्क) काढून घ्या, दुकानदारांचे पॅन, बँक आणि विक्रीचे तपशील त्यात आहेत. पाचशे-सातशे रुपयांच्या यूएसबी केसमध्ये बसवली की तीच तुमची बॅकअपची डिस्क होईल. टॅलीचा बॅकअप दर शनिवारी तिच्यावर घ्या.