पडवीतला लॅब्राडोर
वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे : श्वानपालन

प्रश्न : आमच्याकडे सात महिन्यांचा पिवळसर लॅब्राडोर आहे, त्याचे नाव सोन्या. येणाऱ्या प्रत्येकाच्या अंगावर तो उड्या मारतो, अंगणात वाळत घातलेले बांगडे तोंडात घेऊन पळतो आणि मागे धावले की आणखी लांब जातो. अनोळखी माणसावर मात्र भुंकत नाही. सासऱ्यांचे म्हणणे असे, की दिवसभर साखळीला बांधून रात्री अंगणात सोडला म्हणजे राखणीला तिखट होईल. तसे करावे का?
(एक वाचक भगिनी, वेंगुर्ले तालुका)

उत्तर : सासऱ्यांचा सल्ला गावठी कुत्र्यांच्या अनुभवातून आलेला आहे आणि त्या कुत्र्यांपुरता तो अगदीच निराधार नाही, कारण हद्द राखणे त्यांच्या स्वभावातच असते. लॅब्राडोरचे मूळ वेगळे आहे. कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावरचे मच्छीमार ज्या कुत्र्यांना होडीवर नेत, गळातून सुटलेला मासा आणि पाण्यात पडलेला दोर तोंडात धरून परत आणायला लावत, त्या कुत्र्यांचा हा वंशज. पुढे इंग्लंडमध्ये शिकारीतले पक्षी न चिरडता उचलून आणण्यासाठी ही जात घडवली गेली आणि 1903 मध्ये तेथील केनेल क्लबने, म्हणजे कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या संस्थेने, तिला मान्यता दिली. तेव्हा सोन्या बांगडा उचलतो ही खोड नाही. वस्तू तोंडात धरून माणसापर्यंत आणणे हे त्याचे पिढीजात काम आहे. ‘आणून दे’ एवढा अर्धा भाग त्याला अजून कोणी शिकवलेला नाही, इतकेच.

तो भाग असा शिकवा. त्याच्या तोंडात चेंडू किंवा जुन्या कापडाची गाठ असताना उकडलेल्या कोंबडीचा नखाएवढा तुकडा त्याच्या नाकाशी धरा आणि मुकाट थांबा. वासाने जबडा सैल पडतो, वस्तू खाली पडते, नेमक्या त्या क्षणी ‘सोड’ म्हणा, तुकडा द्या आणि वस्तू त्याला लगेच परत करा. परत करण्याची ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि तिथेच सगळे फिसकटते, कारण दिले की कायमचे गेले असा कुत्र्याचा समज होतो. दिवसातून तीन-चार वेळा, प्रत्येक वेळी पाच मिनिटे, असे दोन-तीन आठवडे करा. मागे धावणे आजपासूनच बंद करा; त्याच्या दृष्टीने तो शिवाशिवीचा खेळ आहे. खारवलेली मासळी मात्र उंचावरच वाळवा, कारण एवढे मीठ कुत्र्याच्या पोटात जाणे धोक्याचे असते.

अंगावर उड्या मारण्याचा उपाय घरातल्या सर्वांनी मिळून करायचा आहे. गुडघ्याने ढकलणे, ओरडणे, हात झटकणे या सगळ्याला तो दंगामस्तीच समजतो. त्याने पाय टाकले की पाठ फिरवावी, त्याच्याकडे पाहूही नये आणि चारही पाय जमिनीवर टेकले की वाकून त्याच्या छातीवर हात फिरवावा. घरातल्या एकानेही अधूनमधून उडी कौतुकाने घेतली, तर बाकीच्यांचे श्रम वाया जातात.

साखळीबद्दल मी स्पष्टच लिहिते. सतत बांधलेला लॅब्राडोर तिखट होत नाही, कोंडल्यामुळे सैरभैर होतो. कायमच्या बांधलेल्या कुत्र्याला पुरेसे फिरवण्याकडे दुर्लक्ष करणे हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हाही आहे. दुसरे कारण तुमच्या घराच्या मागेच असेल. काजूच्या बागा आणि रान लागून असलेल्या वाड्यांवर बिबट्या रात्री कुत्र्यासाठीच येतो, म्हणून दिवे लागणीनंतर सोन्याची जागा दाराला कडी घातलेल्या पडवीत किंवा माजघरात असावी. त्याच्याकडून राखणीची आशा धरू नका. घरच्यांच्या पायाशी झोपणे हीच त्याची खरी गरज आहे.

व्यायाम भरपूर हवा, पण स्कूटरमागे डांबरी रस्त्यावर पळवू नका. या जातीत कमरेच्या सांध्याचा दोष बराच आढळतो आणि वाढीच्या वयात सांध्यांवर ताण पडल्यास तो बळावतो. त्यापेक्षा शांत, उथळ पाण्यात पोहू द्या. खाडीच्या मुखाशी, जिथे ओढ असते, तिथे नको. आपल्या दमट हवेत नुसत्या धापा टाकून कुत्र्याचे अंग लवकर थंड होत नाही, त्यामुळे फिरणे सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर, दिवे लागणीच्या आधीच ठेवा. किनाऱ्यावर पट्टा हातात असू द्या. जाळ्यातून टाकून दिलेला केंड मासा विषारी असतो आणि लॅब्राडोर आधी गिळतो, मग वास घेतो.

प्रश्न : पावसाळ्यात आमच्या लॅब्राडोरच्या अंगाला कुबट वास येतो, तो सारखा कान खाजवतो आणि गोचिडीही होतात. रोज आंघोळ घालावी का?
(गुहागर)

उत्तर : रोजच्या आंघोळीने त्रास वाढेल. या जातीचे केस दुहेरी असतात. वरचे राठ केस पाणी झटकून टाकतात, पण आतली दाट लव तासन् तास ओली राहते आणि वास तिथूनच येतो. बाहेरून आल्यावर जुन्या सुती पंचाने केस उलट्या दिशेने चोळून कातडीपर्यंत कोरडे करा, मग पंख्याखाली बसवा. लोंबत्या कानांच्या आत वारा लागत नाही, तेव्हा कान उलटून बाहेरचा भाग पुसा. खोबरेल तेल किंवा काडी आत घालू नका. तपकिरी मळ आणि वास असेल, तर तपासणी करूनच औषध घ्या.

गोचिडी बोटांच्या बेचक्यात, कानाच्या मुळाशी आणि पट्ट्याखाली शोधा. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. रॉकेल लावू नका, नखांनी चिरडू नका. ताप, फिकट हिरड्या किंवा नाकातून रक्त दिसले तर त्याच दिवशी रक्त तपासा, कारण गोचिडीच्या तापात रक्तातील प्लेटलेट घटतात. लेप्टोस्पायरोसिसची लस दरवर्षी पावसाळ्याआधी द्या. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून तो कुत्र्याला होतो आणि कुत्र्यापासून माणसालाही होऊ शकतो.

प्रश्न : आमची चार वर्षांची लॅब्राडोर कितीही जेवली तरी उपाशीच असते. आंब्याच्या दिवसांत तर आवरत नाही. आंबा चालतो का?
(देवगड)

उत्तर : रसाळ फोड एखादी चालते, बाठा मुळीच नाही. माझ्या कुत्रीने एका मे महिन्यात बाठा गिळला. तिला उलट्या होऊ लागल्या, तेव्हा अजीर्ण समजून मी दोन दिवस दहीभात देत राहिले आणि शेवटी आतड्यात अडकलेला तो बाठा शस्त्रक्रिया करून काढावा लागला. ते दोन दिवस मला अजून बोचतात. भुकेचे म्हणाल, तर 2016 मध्ये केंब्रिजच्या संशोधकांना दर चार लॅब्राडोरपैकी सुमारे एकात पोट भरल्याची जाणीव मंदावणारा जनुकीय बदल आढळला. त्यामुळे तिच्या डोळ्यांतल्या आर्जवावर न जाता मोजून दोन वेळा जेवण द्या आणि बरगड्यांवरून हात फिरवा. त्या सहज बोटांना लागायला हव्यात. हंगाम संपेपर्यंत बाठे उकिरड्यावर न टाकता झाकणाच्या पिंपात ठेवा आणि झाकणावर जड धोंडा ठेवा.