निर्णय कुणाच्या नावावर?

प्रिय ताई,

आम्ही मूळचे नगरचे. सहा वर्षं झाली, नेपाळमध्ये पाल्पा जिल्ह्यात तानसेनजवळ राहतो. हे ख्रिस्ती मिशनच्या दवाखान्यात डॉक्टर आहेत, मी नर्सिंग शिकवते. मुलगी दहा वर्षांची, मुलगा सात, धाकटा तीन. तो इथंच जन्मला. सासूबाईंना पार्किन्सन्स झालाय आणि धाकटे दीर एकटेच सगळं बघतात, म्हणून एप्रिलमध्ये इथलं शाळेचं वर्ष संपलं की आम्ही कायमचे परत येतोय. मुलांना सांगितलं की तुमच्या शिक्षणासाठी जातोय, आजीला बरं नाही आणि देवाचीही तीच इच्छा आहे. त्या दिवसापासून मुलगी गप्प आहे. मुलगा विचारतो, ‘देवानेच आपल्याला इथं पाठवलं होतं ना? मग त्याने मन का बदललं?’ धाकट्याला काही कळत नाही, तो सांभाळणाऱ्या दिदीलाच ‘आमा’, म्हणजे आई, म्हणतो. चर्चच्या पाळकसाहेबांनी पहिल्याच रविवारी स्वागत ठेवलंय. पुढे ज्या ज्या चर्चमधल्या मंडळ्यांनी आम्हाला आधार दिला तिथं सगळ्यांनी जायचं, मुलांनी नेपाळी गाणी म्हणायची असं ठरलंय. सासूबाई म्हणतात, लेकरं चार दिवसांत रुळतील. नगर हेच आपलं घर आहे हे मुलांना कसं पटवू? मुलीला मराठी माध्यमात घालू की इंग्रजी? आणि आम्ही सेवा अर्धवट टाकून आलो असं लोक म्हणतील त्याचं काय? माझंही मन अजून तयार नाही, पण ते जाऊ दे.

– एक आई, पाल्पा

सलाम.

(नगरला माझ्या शेजारी ख्रिस्ती कुटुंबं होती, त्यांच्यामुळे हा शब्द तोंडात बसला. मी स्वतः चर्चला जाणारी नाही, हे आधीच सांगते. पाचारण (देवाचं बोलावणं), सेवा याबद्दल मी तुम्हाला काही शिकवणार नाही. मुलांबद्दल आणि घराबद्दल मात्र बोलेन.)

सुरुवात तुमच्या मुलाच्या प्रश्नापासून करते, कारण तुमच्या घरात सगळ्यात स्वच्छ विचार सध्या तोच करतोय. आईबाबा इथं का आले याचं उत्तर त्याने जन्मभर एकच ऐकलं: देवाने पाठवलं. आता परत का जायचं, तर पुन्हा देवाची इच्छा. सात वर्षांचं पोर याचा हिशोब मांडणारच. माझ्या मते त्याला आता देवाबद्दलचं लंबंचौडं उत्तर देऊ नका. एवढंच म्हणा, ‘आजी आजारी आहे, काका दमलेत. आम्ही दोघांनी प्रार्थना केली, खूप विचार केला आणि जायचं ठरवलं. ठरवलं आम्ही.’ हे शेवटचं वाक्य गाळू नका. तुमच्या श्रद्धेला त्याने काही धक्का लागत नाही. पण मुलाला राग आला, आणि तो येईल, तर तो रागावायला समोर आईबाप असतील. आईबापांवर रुसून पोरगं संध्याकाळी जेवायला येतं. देवावर रुसलं तर ते कुठं व्यक्त करायचं हे त्याला कळत नाही, आणि मिशनऱ्याच्या घरात तर ते बोलायचीही चोरी.

मुलीच्या गप्प बसण्याचं कारणही मला तुमच्याच पत्रात दिसतं. ‘तुमच्या शिक्षणासाठी जातोय’ असं तुम्ही तिला सांगितलंत. दहा वर्षांच्या मुलीच्या कानाला ते ‘तुझ्यामुळे जातोय’ असं लागतं. बाबांचे पेशंट सुटणार, भावाची दिदी सुटणार, तिच्या स्वतःच्या मैत्रिणी सुटणार, आणि सगळं म्हणे तिच्या शाळेसाठी! जी गोष्ट तिने मागितलीच नाही तिचं ओझं तिच्या डोक्यावर आलंय. तिला एकटीला घेऊन फिरायला जा आणि सरळ सांगा, ‘तुझ्या शाळेमुळे नाही. शाळा इथंही झाली असती. आम्ही आजीसाठी जातोय.’ त्यावर ती काही बोलली नाही तरी चालेल, ऐकू द्या तिला. आणि मग तिच्या हातात खरेखुरे निर्णय द्या: कुणाकुणाला भेटून निरोप घ्यायचा, कोणत्या वस्तू न्यायच्या, कोणती मैत्रीण शेवटच्या रात्री राहायला येणार. जायचं की नाही हे तिच्या हातात नाही. कसं जायचं हे थोडं तरी असू शकतं.

‘नगर हेच आपलं घर’ हे पटवायचा नाद सोडा. ते खरंही नाही. नगर तुमचं घर आहे, तुमच्या यजमानांचं आहे. मुलगी चार वर्षांची असताना तिथून निघाली, मुलगा बाळ होता, आणि धाकट्याने नगर फार तर सुट्टीत पाहिलंय. मुलांच्या लेखी तुम्ही परत जात नाही आहात, एका नव्या गावाला जात आहात, आणि तिथं आजी राहते. असंच म्हणा, ‘आपण आजीच्या गावाला राहायला जातोय.’ म्हणजे पहिल्या महिन्यात त्यांना तिथं परकं वाटलं तर आपलंच काहीतरी चुकतंय असं त्यांना वाटणार नाही.

हे दुखणं नवं नाही, आणि गंमत म्हणजे नगरला ते उलट्या बाजूने चांगलं माहीत आहे. १८३१ पासून तिथं अमेरिकन मराठी मिशनची कुटुंबं राहत आली. त्यांची मुलं आपल्याकडच्या उन्हात वाढली आणि मग ज्या देशाला आईबाप ‘घर’ म्हणत तिथं शिकायला पाठवली गेली. पुढे १९५०च्या दशकात रूथ युसीम या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी भारतात राहणाऱ्या अमेरिकन लोकांचा अभ्यास केला, आणि अशा मुलांसाठी ‘थर्ड कल्चर किड’ हा शब्द आला: आईबापांच्या मुलखाची नाहीत, जिथं वाढली तिथलीही पुरती नाहीत, अधल्यामधल्या जगातली मुलं. त्या गोऱ्या मुलांना निदान आपल्यासारखे सोबती तरी होते. कोडाईकनालला १९०१ मध्ये त्यांच्यासाठी शाळाच निघाली होती. तुमच्या मुलांच्या वर्गात त्यांच्यासारखं कुणी नसेल. चेहरा आपला, आडनाव आपलं, आणि बोलताना मध्येच नेपाळी. वरून आपलंच दिसणारं मूल वेगळं वागलं की लोक कौतुक करत नाहीत, चिडवतात. म्हणून तुमच्या संस्थेत बाहेरून परतलेलं दुसरं कुटुंब असेल तर आत्ताच ओळख काढा. पुण्यात असो की नागपुरात, मुलांना फोनवर तरी बोलू द्या.

आता धाकट्याकडे येते. पत्रात त्याला तुम्ही एक वाक्य दिलंय, आणि मला काळजी सगळ्यात जास्त त्याचीच आहे. ‘लहान आहे, विसरेल’ असं सगळे म्हणतील. तीन वर्षांच्या पोराचं जग म्हणजे त्याला भरवणारी, झोपवणारी चार माणसं, आणि त्यातलं ज्याला तो आमा म्हणतो तेच माणूस एका दिवसात नाहीसं होणार. शिवाय त्याच्या तोंडातले निम्मे शब्द नगरमध्ये कुणाला कळणार नाहीत. तो पुन्हा अंथरूण ओलं करेल, तुम्हाला क्षणभर सोडणार नाही, कदाचित काही दिवस बोलणंच कमी करेल. याला हट्ट म्हणू नका. आपल्याकडे एक वाईट सवय आहे, मूल झोपलं की हळूच निघायचं, म्हणजे रडारड नको. तसं अजिबात करू नका. दिदीने त्याला जागेपणी कडेवर घेऊन सांगायला हवं की तू जाणार आहेस, मी इथंच राहणार आहे. रडतील, दोघंही रडतील. रडू द्या. तिच्या आवाजातली झोपवायची गाणी मोबाइलवर भरून घ्या. तिची जुनी शाल किंवा ओढणी मागून घ्या आणि ती न धुता न्या. नगरला गेल्यावर ‘आता मराठीच बोलायचं’ असा फतवा कुणी काढला तर तुम्ही त्याच्याशी नेपाळीत बोलत राहा. मराठी तो गल्लीत शिकेल. आणि हो, त्या बाईचंही लेकरू जाणार आहे. तिचा हिशोब चुकता करताना एक-दोन महिन्यांचा पगार जास्तीचा द्या, आणि पुढचं काम शोधायला मदत करा.

पाळकसाहेबांना आजच फोन करा. किंवा तुमच्या यजमानांनीच केलेला बरा. स्वागत पहिल्या रविवारी नको, महिनाभराने. कुठल्या मंडळीत कुणी जायचं, तर यांनी. तुम्ही ठरवाल तेव्हा तुम्ही. मुलांना मंचावर उभं करून नेपाळी गाणं म्हणायला लावणं मला पटत नाही, स्पष्टच सांगते. लोक प्रेमानेच बोलावतात, त्यांनी पैसे दिलेत, प्रार्थना केलीय, त्यांचा हक्क आहे ऐकायचा. पण जे गाणं मूल कालपर्यंत मित्रांबरोबर गात होतं ते आज अनोळखी लोकांपुढे नमुना म्हणून गायचं, तेही प्रत्येक रविवारी नव्या गावात, हे ओझं त्यांचं नाही. मुलीला आपणहून बोलावंसं वाटलं तर जरूर बोलू दे. त्यात आणखी एक अडचण आहे. नेपाळात २०१८च्या ऑगस्टपासून लागू झालेल्या फौजदारी संहितेनुसार धर्मांतर करवणं गुन्हा आहे, त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मुलं भोळेपणाने तिथल्या काका-काकूंची नावं सांगतील, कुणीतरी कार्यक्रम मोबाइलवर थेट दाखवेल, आणि मागे राहिलेल्या माणसांना त्याचा त्रास होईल. तिथल्या लोकांचे फोटो, नावं, गावं व्यासपीठावर नकोत, हा नियम निघण्याआधीच घरात करून टाका.

शाळेचं माध्यम हा प्रश्न तुम्हाला वाटतो तेवढा मोठा नाही. २०२०च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सगळ्या शाळांत मराठी शिकवणं सक्तीचं आहे, त्यामुळे मराठीला मुलगी कुठंही सामोरी जाणारच. देवनागरी तिला येतेच. नेपाळीत नपुंसकलिंग नाही आणि ळ नाही, तेवढ्यावर पोरं थोडे दिवस हसतील. तिथं ती आज ज्या माध्यमात शिकतेय तेच पुढे चालू ठेवा, एका वेळी एकच बदल पुरे. कुठल्या शाळेने ‘एक वर्ष मागे बसवू’ म्हटलं तर शांतपणे २००९च्या शिक्षण हक्क कायद्याची आठवण द्या: सहा ते चौदा वयाच्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळेला प्रवेश अडवता येत नाही. फक्त तिथल्या शाळेला सांगा, दाखल्यावर विक्रम संवताबरोबर इंग्रजी तारीखही लिहा. ‘२०८२ चैत्र’ वाचून नगरचा कारकून चक्रावेल.

वेळापत्रक मात्र तुमच्या बाजूने आहे. तिथलं वर्ष एप्रिलच्या मध्याला संपतं, इथल्या शाळा जूनच्या मध्याला उघडतात. मधले दोन महिने मोकळे आहेत, ते नातेवाइकांच्या जेवणावळींत घालवू नका. साडेचार हजार फुटांवरून उतरून ही मुलं नगरच्या मे महिन्यात येणार, नुसता उन्हाळाच त्यांना पुरेसा आहे. दिरांना सांगून कूलर आधीच लावून घ्या. वर तिथं शनिवारी सुट्टी आणि शनिवारीच उपासना, इथं रविवारी, म्हणजे आठवडासुद्धा उलटा होणार. मित्रांशी फोनची वेळ शनिवारी संध्याकाळी ठेवा, तेव्हा दोन्हीकडची मुलं मोकळी असतील. दसैंला, म्हणजे नेपाळच्या दसऱ्याला, तिकडे पिंग (झोका) लागेल आणि इथं तुमची मुलं सहामाही परीक्षेचा अभ्यास करत असतील. त्या आठवड्यात घरात चिडचिड झाली तर कारण शोधत बसू नका.

सासूबाईंच्या घरी राहायचं की वेगळं, हे तुम्ही विचारलं नाहीत, तरी बोलते. शक्य असेल तर पहिलं वर्ष जवळच पण वेगळं राहा. आजारी माणसाला शांतता हवी, आणि तुमच्या मुलांना रडायला, ओरडायला, नेपाळीत भांडायला जागा हवी. एका घरात दोन्ही होत नाही, आणि मध्ये सापडते ती सून.

राहता राहिलं ‘ते जाऊ दे’. ते कसं जाऊ दे? मन तयार नाही हे यांना सांगितलंय का तुम्ही? पत्रात तसं दिसत नाही. आजीसाठी जाणं योग्य आहे असं तुम्हालाही वाटत असेल, आणि तरी जायचं नसेल. दोन्ही एकदम असू शकतं. तुमचेही विद्यार्थी तिथं आहेत, तुमचंही काम सुटतंय, आणि नगरला यांना दवाखाना लगेच मिळेल, तुमचं काय याचा विचार कुणी केलेला दिसत नाही. एका रात्री मुलं झोपल्यावर यांच्यासमोर बसा आणि तीन गोष्टी विचारा: मी तिथं कधीपासून आणि कुठं काम करणार, आईंची रात्रीची पाळी कोण करणार, आणि दोन वर्षांनी पुन्हा बाहेर जायचा प्रश्न आला तर माझं मत धरणार का. उत्तरं आली की मग निर्णय खरोखर ‘आम्ही दोघांचा’ होईल, आणि मुलाला तसं सांगताना तुमचा आवाज अडखळणार नाही. सेवा अर्धवट टाकली असं म्हणणारे म्हणतीलच. ज्यांनी तुमच्या सासूबाईंचा हात धरून त्यांना एकदाही बाथरूमपर्यंत नेलं नाही, त्यांना उत्तर द्यायची गरज नाही.

एक कागद मात्र नगरला पोचायची वाट बघत थांबू शकत नाही. धाकटा नेपाळात जन्मला. १९५५च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे, भारतीय आईबापांच्या पोटी परदेशात जन्मलेल्या मुलाची नोंद वर्षभरात भारतीय वकिलातीत व्हावी लागते. मुदत उलटली असेल तर केंद्र सरकारची परवानगी लागते. नोंद झाली असेल तर उत्तम, तो दाखला हातातल्या पिशवीत ठेवा, ट्रंकेत नको. झाली नसेल तर हे पत्र वाचून संपलं की काठमांडूच्या दूतावासाला फोन लावा, आणि जायची तारीख त्यांच्याशी बोलूनच पक्की करा.