गावाचं नाव कोण घेणार?

वाचकांचे प्रश्न, रेडिओवाल्या ताईंची उत्तरं

मागच्या अंकात सायंकाळच्या बाजारभावांच्या कार्यक्रमाबद्दल दोन ओळी लिहिल्या होत्या. त्यावर आलेली बहुतेक पत्रं एकाच दुखण्याची आहेत: आमच्या गावचा रेडिओ आता आमचा राहिला नाही. म्हणून जुना सेट नागपुरात कुठं दुरुस्त होईल वगैरे प्रश्न पुढच्या अंकात घेते.

प्रश्न: ताई, आमच्या जिल्ह्याच्या गावी रेडिओ केंद्र आहे. टॉवर माझ्या वावरातून दिसतो. पूर्वी सकाळ-संध्याकाळ आमच्याच भागातली माणसं बोलायची, दंडार (आमच्याकडचं लोकनाट्य) लागायची, धानाच्या रोगावर कृषी सहायक बोलायचे. आता बराच वेळ बाहेरचंच लागलेलं असतं. यंदा पुरात आमचा रस्ता बंद होता आणि रेडिओवर कुठल्या तरी मोठ्या शहरातल्या ट्रॅफिकची चर्चा चालली होती. टॉवर उभा आहे, मग केंद्र गेलं कुठं?
— एक शेतकरी, पूर्व विदर्भ (जिल्ह्याचं नाव छापू नये)

उत्तर: भाऊ, जिल्ह्याचं नाव छापलेलं नाही.

टॉवर आहे तिथंच आहे आणि कामही करतोय. केंद्राची दोन अंगं असतात. स्टुडिओत माणूस बोलतो, ट्रान्समीटर ते बोलणं हवेत सोडतो. पूर्वी दोन्ही तुमच्या गावात होती. आता मोठ्या शहरातल्या स्टुडिओत झालेला कार्यक्रम उपग्रहावरून तुमच्या केंद्रात उतरतो आणि तुमचा ट्रान्समीटर तोच पुढे सोडतो. आम्ही याला सहक्षेपण म्हणतो. ते पूर्वीही होतं. दिल्लीच्या बातम्यांची वेळ झाली की फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची सरकती कळ, उघडायचा, बातम्या संपल्या की बंद करायचा आणि आपला माइक सुरू. आता उघडलेला फेडर तासन् तास उघडाच राहतो, आणि पुष्कळदा तो उघडायलाही माणूस लागत नाही, कॉम्प्युटर उघडतो.

माणूस नसला की काय जातं, ते मला एका रात्रीनं शिकवलं. नव्वदच्या दशकात मी विदर्भातल्याच एका छोट्या केंद्रावर उद्घोषिका होते. जुलै महिना, तीन दिवसांची झड, रात्री नऊच्या सुमारास तहसीलमधून फोन आला: पिंपळगावच्या लोकांनी तातडीनं शाळेत जावं, नदीला पाणी सोडतायत. मी निरोप क्यू शीटच्या, म्हणजे त्या दिवसाच्या कार्यक्रमांच्या यादीच्या, मागच्या बाजूला लिहून घेतला आणि स्टुडिओकडे निघाले. ड्यूटी रूममधल्या आमच्या जुन्या शिपायानं तो कागद माझ्या हातातून काढून घेतला, वाचला आणि म्हणाला, ‘‘ताई, आपल्याकडं पिंपळगाव दोन हायेत. नदीकडचं का रोडवरचं, थे पयले इचारा.’’ मी तहसीलला फोन लावला. नदीकडचं. तो पुन्हा म्हणाला, ‘‘तिथली शाळा खोलगटात हाय. लोकं देवळाच्या टेकाडावर जातेत दरसाल.’’ पुन्हा फोन. पलीकडच्या माणसानं कुणाला तरी विचारलं, दोन मिनिटं थांबवलं आणि निरोप बदलून दिला: नदीकाठच्या पिंपळगावच्या लोकांनी देवळाच्या टेकडीवर जावं. त्या रात्री सभा, म्हणजे प्रसारणाचं सत्र, संपायची वेळ उलटल्यावरही केंद्र सुरू ठेवलं आणि तेच वाक्य मी दर पंधरा मिनिटांनी वाचलं. पिंपळगाव दोन आहेत आणि एकाची शाळा खोलगटात आहे, हे कुठल्याही फायलीत लिहिलेलं नव्हतं. ते त्या माणसाच्या डोक्यात होतं, आणि तो माणूस माइकपासून दहा पावलांवर होता.

२०२० च्या ऑगस्टअखेरीस वैनगंगेला पूर आला, गोसीखुर्द धरणाचे ३३ दरवाजे उघडावे लागले, भंडाऱ्यापासून ब्रह्मपुरी, वडसा, गडचिरोलीपर्यंत पाणी शिरलं. पर्लकोटा नदी चढली की भामरागड तर दर पावसाळ्यात तुटतं. अशा वेळी आधी वीज जाते, मग मोबाइल टॉवरची बॅटरी संपते. दोन सेलचा रेडिओ मात्र चालू राहतो. म्हणून ‘आता सगळं मोबाइलवर आहे’ हे उत्तर मला शहरात बसून दिलेलं उत्तर वाटतं.

हे झालं कसं? देशातलं पहिलं स्थानिक केंद्र १९८४ साली तमिळनाडूत नागरकोईलला सुरू झालं. जिल्ह्यापुरतं केंद्र, जिल्ह्याची भाषा, जिल्ह्याची माणसं अशी ती कल्पना होती. पुढं विदर्भात चंद्रपूर, यवतमाळ, अकोला अशा ठिकाणीही आकाशवाणीची केंद्रं झाली. एफएमचा आवाज स्वच्छ, पण तो साधारण नजरेच्या टप्प्यात जातो, म्हणजे ज्याचा त्याचा परिसर. मध्यलहरी (मीडियम वेव्ह) जमीन धरून दूरवर जातात. नागपूरचं ५८५ किलोहर्ट्‌झ आम्ही लहानपणी मामाच्या गावी, शंभराहून जास्त किलोमीटरवर ऐकत असू. पण तेवढ्या लांब पोचणाऱ्या केंद्राला प्रत्येक पिंपळगावाचं नाव घेणं शक्य नसतं. त्यासाठीच छोटी केंद्रं होती. मग माझ्या वयाची माणसं निवृत्त होत गेली, त्यांच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या, आणि रिकाम्या खुर्चीपेक्षा सहक्षेपण सोयीचं ठरलं. त्यात खर्च वाचतो हे खरं आहे. पण कुणाचं काय वाचलं आणि कुणाचं काय गेलं, याचा हिशेब दोन्ही बाजूंनी मांडायला हवा.

मी नागपूरची. मुंबई आमचं ऐकत नाही ही तक्रार आम्ही इथं सिव्हिल लाइन्सपासून सक्करदऱ्यापर्यंत सगळे करतो. आणि गडचिरोली, गोंदियाची माणसं तीच तक्रार नागपूरबद्दल करतात. ती खरी आहे, हे मला इथं लिहिलंच पाहिजे.

काय करता येईल? नुसतं ‘रेडिओ वाचवा’ असं लिहू नका. ग्रामसभेचा ठराव करा आणि त्यात नेमकं मागा: जून ते सप्टेंबर, सायंकाळी एक तास आणि इशाऱ्याच्या रात्री पूर्ण वेळ, जिल्ह्यातला माणूस स्टुडिओत हजर असावा. ठरावाची प्रत केंद्रप्रमुखांना, जिल्हाधिकाऱ्यांना आणि खासदारांना द्या. आवाज केल्याचा उपयोग होतो. २०२३ च्या जूनमध्ये पुण्याचा प्रादेशिक वृत्त विभाग हलवण्याचा निर्णय झाला होता. श्रोते, पत्रकार, लोकप्रतिनिधी बोलले आणि त्याला स्थगिती मिळाली. पुण्याचा आवाज मोठा, हे मान्य. म्हणून तुम्ही एका गावानं नका लिहू, तालुका मिळून लिहा.

प्रश्न: माझी मुलगी अमेरिकेत एका छोट्या गावात राहते. तिच्या शेजारच्या आजी सांगत होत्या की त्यांच्या गावचं रेडिओ स्टेशन जवळच्या महानगरात ‘निघून गेलं’. इमारत नाही, परवानाच गेला म्हणे. असं कसं होतं?
— एक निवृत्त शिक्षक, त्रिमूर्तीनगर, नागपूर

उत्तर: काकाजी, त्या आजी बरोबर सांगतायत. आपल्याकडे टॉवर राहतो आणि आवाज जातो. तिकडे टॉवरही जाऊ शकतो.

अमेरिकेत प्रत्येक स्टेशनचा परवाना एका ठरावीक गावाच्या नावानं असतो. १९३४ च्या दळणवळण कायद्यातच लिहिलंय की वाहिन्यांची वाटणी वेगवेगळ्या राज्यांत आणि वस्त्यांत न्यायानं व्हावी. १९८३ मध्ये रेडिओचे परवाने देणाऱ्या तिथल्या आयोगानं छोट्या गावांसाठी शेकडो नव्या एफएम जागा मोकळ्या केल्या. हेतू चांगला होता. पण जाहिरातीचा पैसा महानगरात. मग मालकांनी वाट शोधली: परवान्यावरचं गाव बदलून महानगराच्या कडेचं एखादं उपनगर घ्यायचं, टॉवर थोडा थोडा शहराकडे सरकवायचा, म्हणजे आवाज शहरभर पोचतो. नियमानं दर तासाला स्टेशनची ओळख-अक्षरं आणि परवान्यावरच्या गावाचं नाव सांगावं लागतं. दोन गाण्यांच्या मध्ये ते नाव भरकन घेतलं की झालं. तासातून एकदा, तेही ज्या गावाचं काहीच ऐकवायचं नाही त्याचं. उद्घोषिका म्हणून मला ही गोष्ट सगळ्यात जास्त लागते. गावाचं नाव आम्ही असं घेत नव्हतो.

१९९६ च्या कायद्यानं देशभरात एका मालकाकडे किती स्टेशनं असावीत याची मर्यादाच काढली. त्याआधी ती ४० होती. मग काही कंपन्यांकडे शेकडो स्टेशनं जमली. २००६ मध्ये परवान्याचं गाव बदलणं आणखी सोपं झालं. खेड्यांतली स्टेशनं निघून जाताहेत हे दिसल्यावर २०११ मध्ये आयोगानं खेड्याकडून शहराकडे जाण्याची वाट अवघड केली. पण २०१७ मध्ये, परवान्याच्या गावात किंवा जवळपास स्टुडिओ असलाच पाहिजे हा कितीतरी दशकांचा नियम रद्द केला. म्हणजे आता टॉवर गावात असला तरी बोलणारा हजार मैलांवर बसू शकतो. फिरून आपल्याच गोष्टीवर आलो.

मुलीला मायनॉट गावाबद्दल विचारा, तिकडे पुष्कळांना ठाऊक असेल. नॉर्थ डाकोटातलं गाव. १८ जानेवारी २००२ ला मध्यरात्रीनंतर मालगाडी घसरली, अमोनियाचा ढग गावावर आला. एक माणूस गेला, शेकडो आजारी पडले. गावातली सहा व्यापारी स्टेशनं एकाच कंपनीकडे होती. पोलिसांनी स्टेशनला फोन लावले, ते वेळेवर लागले नाहीत. चूक स्टेशनची की इशाऱ्याच्या यंत्रणेची, यावर पुढे बराच वाद झाला. मला त्या वादात पडायचं नाही. पण त्या रात्री सहा केंद्रांपैकी एकात जरी आमच्या शिपायासारखा माणूस असता तर, असं वाटल्याशिवाय राहत नाही.

प्रश्न: नागपुरात इतके खासगी एफएम आहेत, पण कुणी नागपूरच्या बातम्या देत नाही. असं का? आणि आम्ही मुलांनी उमरेडला स्वतःचं केंद्र काढायचं म्हटलं तर?
— बी.ए. द्वितीय वर्षाची विद्यार्थिनी, उमरेड

उत्तर: बेटा, खासगी एफएमना स्वतःच्या बातम्या द्यायची परवानगीच नाही. आकाशवाणीच्या बातम्या आहे तशा लावता येतात. मात्र २०११ च्या धोरणात हवामान, वाहतूक, परीक्षांचे निकाल, पाणी-वीज, स्थानिक प्रशासनानं दिलेल्या आपत्तीच्या सूचना या ‘बातम्या’ धरलेल्या नाहीत. त्या देता येतात आणि दिल्या पाहिजेत. त्याच धोरणानं एका कंपनीला आपलाच कार्यक्रम देशभरातल्या आपल्या केंद्रांवर लावायची मुभा दिली. आधी ती फक्त छोट्या शहरांपुरती आणि एका विभागापुरती होती. म्हणून मारबतीच्या मिरवणुकीच्या दिवशी इतवारीत पाय ठेवायला जागा नसते, आणि तुझ्या रेडिओवर कदाचित दुसऱ्याच शहरात झालेला कार्यक्रम चाललेला असतो.

स्वतःचं केंद्र काढता येतं, पण ‘मुलांनी’ नाही. नोंदणीकृत संस्था, कृषी विज्ञान केंद्र किंवा शिक्षणसंस्थेनं अर्ज करायचा. २००६ पासून सामाजिक संस्थांनाही सामुदायिक रेडिओ मिळतो. ट्रान्समीटर ५० वॉटचा, म्हणजे साधारण दहा-पंधरा किलोमीटरचा पट्टा. बातम्यांचं बंधन तिथंही आहे. साताऱ्यात म्हसवडला बायकांच्या संस्थेनं असं केंद्र चालवलंय, तेलंगणात माचनूरला दलित महिला २००८ पासून चालवतात. तुझ्या कॉलेजच्या प्राचार्यांना आधी हे सांग. आणि अर्जाच्या आधी वर्षभर मोबाइलवर रेकॉर्डिंग करत राहा. परवाना उशिरा आला तरी चालतो, ऐकवायला काही नसेल तर तो येऊन उपयोग नाही.

प्रश्न: माझे वडील खडी गंमतीतले (आमच्या भागातला तमाशासारखा लोककलाप्रकार) शाहीर. तीसेक वर्षांपूर्वी एका छोट्या केंद्रावर त्यांचं रेकॉर्डिंग झालं होतं. आता तिथं विचारलं तर टेप नाही म्हणतात. घरी एक कॅसेट आहे, शेजाऱ्यांनी रेडिओवरून उतरवलेली. ती वाजवायला भीती वाटते.
— एक गृहिणी, भंडारा

उत्तर: ताई, टेप नाही हे बहुधा खरंच असेल. स्पूल, म्हणजे टेपची मोठी रिळं, महाग होत्या, मोजून मिळायच्या. कार्यक्रम लागून गेला की टेप पुसून पुन्हा वापरायची. मी स्वतः पुसल्या आहेत. त्यात तुमच्या वडिलांसारख्या कुणाकुणाचे आवाज होते, आणि आज ते मला परत आणता येत नाहीत. मोठ्या शहरात नामवंतांच्या टेपा संग्रहात ठेवल्या जात. आमच्याकडे झाडीबोलीतलं गाणं म्हणजे पुढच्या आठवड्याची रिकामी टेप होती.

तुमची कॅसेट आता फार मोलाची आहे, म्हणून भीती बरोबरच आहे. जुन्या टेपरेकॉर्डरमध्ये घालू नका, रबर चिकट झालेले असतात, फीत गुंडाळली जाते. आधी उजेडात धरून बघा. फितीवर पांढुरकी बुरशी दिसली तर हात लावू नका, जाणकाराकडे न्या. नसेल तर फितीच्या मागची छोटी फेल्टची गादी जागेवर आहे का पाहा, ती बहुतेक गळून पडलेली असते. गादी गेली असेल तर आतली रिळं उचलून स्क्रूच्या दुसऱ्या चांगल्या कव्हरात बसवावी लागतात. जमत नसेल तर करवून घ्या. मग पेन्सिल घालून एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे, सावकाश फिरवा. वाजवाल तेव्हा पहिल्या खेपेलाच कॉम्प्युटरवर उतरवून घ्या, आधी ‘ऐकून बघू’ म्हणून लावू नका.

आणि उतरवल्यावर फाइलला नुसतं ‘बाबांची कॅसेट’ असं नाव देऊ नका. वडिलांचं नाव, गाव, तालुका, ढोलकीवर कोण, मागे झिलकरी कोण, हे आईला किंवा गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून आजच वहीत लिहून ठेवा. त्या नावाची दोन गावं असतील तर कुठलं, तेही लिहा.